कंबरदुखी : हातांचं काम किती, आपलं किती?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचे लिखित रूप)



सेक्रेटरी साहेबांनी मला आधीच बजावून ठेवलंय, ‘‘मॅडम, अर्धा तास बोला, पण लोकांना उपयोग होईल असं बोला. आणि शेवटी दोन-तीन व्यायाम दाखवा.’’ व्यायाम मी नक्की दाखवीन. पण त्याआधी मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. ती मी याच सोसायटीत केली. ज्यांच्या बाबतीत केली ते नाना आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलते आहे.

मी बी विंगमध्ये २००१ पासून राहते. फिजिओथेरपीचा व्यवसाय करून एकतीस वर्षं झाली. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या पाठीला कधी ना कधी माझा हात लागलेला आहे. रविवारी सकाळी बेल वाजली की आमच्या घरात कुणी विचारत नाही कोण आलंय म्हणून. विचारतात, ‘‘कुणाची कंबर?’’

तर सुरुवात माझ्या आजीपासून करते. आजी पायाळू होती. इथल्या लहान मुलांना हा शब्द माहीत नसेल. जन्माच्या वेळी ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आणि पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असा आपल्याकडे समज. साताऱ्याकडच्या आमच्या गावात सकाळी सकाळी माणसं कंबर धरून वाकडी-तिकडी चालत यायची. आजी त्यांना ओसरीवर पालथं झोपवायची आणि टाचेने पाठीला हलकेच तीन वेळा स्पर्श करायची. पैसे घ्यायची नाही. चार-सहा दिवसांनी तीच माणसं ताठ चालत यायची, कुणी नारळ घेऊन, कुणी पावशेर शेंगदाणे घेऊन. ‘‘म्हातारीच्या पायाला गुण आहे,’’ असं सगळं गाव म्हणायचं.

पुढे मी शिकले, शरीरशास्त्र वाचलं, मणक्यांची नावं पाठ केली. तेव्हा आजीच्या टाचेचं मला हसू यायचं. आता येत नाही. कारण पुढची कितीतरी वर्षं मी साधारण आजीचंच काम करत होते, फक्त फी घेऊन.

आता नानांची गोष्ट.

२००८ सालचा गणेशोत्सव. आपल्या मंडळाचा सागवानी चौरंग तळघरातल्या खोलीतून वर आणताना नानांच्या कंबरेत चमक भरली. नाना तेव्हा बासष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले, धडधाकट. त्यांना धरून माझ्याकडे आणलं. मी तपासलं, कुशीवर झोपवलं आणि एक झटका दिला. कट् असा आवाज आला. नाना उठून बसले, म्हणाले, ‘‘वा! निम्मं दुखणं गेलं.’’ आणि मी, अगदी आत्मविश्वासाने, जे वाक्य रोज दहा लोकांना सांगायचे तेच त्यांना सांगितलं. ‘‘नाना, मणका जरासा सरकला होता. बसवला आहे मी. पण आता जपायचं हं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाहीतर परत सरकेल.’’

नाना आठवड्याभरात बरे झाले. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण ते वाक्य नानांच्या घरी राहायला गेलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगेन. आधी त्या वाक्यात चूक काय होती ते सांगते.

पहिला प्रश्न असा, की उपचार केला आणि माणूस बरा झाला, एवढ्यावरून उपचाराने बरा झाला असं म्हणता येईल का? आजीच्या ओसरीवर येणारी माणसं कधी यायची? दुखणं अगदी शिगेला पोचलं की. नुकत्याच भरलेल्या उसणीचा स्वभाव असा, की बहुतेकांचं दुखणं काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप बरंच कमी होतं. म्हणजे शिगेला असताना तुम्ही कुणाहीकडे जा, त्यानंतर उतार लागणारच. श्रेय मात्र ज्याने शेवटचा हात लावला त्याला. आजीच्या वेळी टाचेला, माझ्या वेळी माझ्या पदवीला.

मग खरं-खोटं कळायचं कसं? तर आपण भिशीत चिठ्ठ्या काढतो ना, तशा चिठ्ठ्या काढायच्या. कंबर दुखणारी पुष्कळ माणसं घ्यायची, आणि कुणाला कुठला उपचार ते डॉक्टरने किंवा रुग्णाने नाही, चिठ्ठीने ठरवायचं. म्हणजे सगळे गट सारखेच म्हातारे, सारखेच दुखरे. मग काही महिन्यांनी बघायचं कोण किती सुधारलं.

ब्रिटनमध्ये असा एक मोठा अभ्यास झाला. ‘यूके बीम’ नावाने तो ओळखला जातो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीचे १,३३४ रुग्ण. नेहमीच्या डॉक्टरांचे उपचार आणि हालचाल चालू ठेवण्याचा सल्ला सगळ्यांनाच होता. त्यावर एका गटाला जास्तीचं काहीच दिलं नाही. दुसऱ्याला व्यायामाचे वर्ग दिले. तिसऱ्याला मणक्यांवर हाताने करायचे उपचार दिले, म्हणजे माझ्यासारख्यांचं काम. आणि चौथ्याला आधी हाताचे उपचार आणि नंतर व्यायाम.

त्रास मोजायला त्यांच्याकडे २४ गुणांची एक प्रश्नावली होती. कंबरेमुळे चालणं मंदावतं का, मोजे घालताना अडचण येते का, अशा साध्या गोष्टींची. तीन महिन्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटाच्या तुलनेत व्यायामवाल्यांचा त्रास १.४ गुणांनी जास्त कमी झालेला होता. हाताच्या उपचारवाल्यांचा १.६ गुणांनी आणि दोन्ही मिळालेल्यांचा १.९ गुणांनी. वर्षभरानंतर हाताच्या उपचारांचा फायदा उरला १ गुण आणि दोन्ही मिळून १.३. नुसत्या व्यायामवर्गाचा फरक वर्षाने जवळजवळ पुसला गेला होता.

२४ पैकी दीड-दोन गुण! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते, मला राग आला. एवढंच? लोक माझे हात धरून आशीर्वाद देतात ते दीड गुणासाठी? आणि त्यातली आणखी एक गोष्ट मला टोचली. चारही गट सुधारले होते. ज्यांना जास्तीचं काहीच मिळालं नाही तेसुद्धा.

पण राग शांत झाल्यावर त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, हाताचा गुण खोटा नाही. लहान आहे, पण आहे. आणि दोन, हात आणि व्यायाम एकत्र आले की फायदा त्यातल्या त्यात जास्त. नंतरच्या काळात असे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. जुनाट कंबरदुखीसाठी हाताने केलेल्या उपचारांचे ४७ अभ्यास, त्यात नऊ हजारांवर माणसं. ते २०१९ साली एकत्र मांडले गेले. निष्कर्ष असा, की दुखणं कमी करण्यात हे उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांच्या, म्हणजे व्यायाम वगैरेंच्या, साधारण बरोबरीचे आहेत. वरचढ नाहीत. व्यायामाचं म्हणाल तर ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीचे २४९ अभ्यास एकत्र पाहिले. शंभर गुणांच्या मापावर, काही न करणाऱ्यांपेक्षा किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं सरासरी १५ गुणांनी कमी होतं. जादू नाही. पण घरच्या घरी, फुकटात, स्वतःच्या हातात असलेले पंधरा गुण आहेत.

आता त्या ‘कट्’ आवाजाकडे येऊ. तुम्हाला वाटतं मणका जागेवर बसला. मलाही वाटायचं. हाडांच्या सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला गेला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडताना त्याचं एमआरआय चित्रीकरणच केलं. त्यात ती पोकळी तयार होताना दिसते. म्हणजे तुम्ही बोटं मोडता, तोच हा आवाज. बोट मोडल्यावर आपण ‘बोट बसलं’ असं म्हणतो का?

आणि जागेवर बसवण्याचं म्हणाल, तर १९९८ साली एक छोटा पण फार बोलका अभ्यास झाला. दहाच रुग्ण होते. कंबरेखालचा, माकडहाडाच्या जवळचा सांधा सरकलाय असं हाताने तपासून ठरवलं. मग उपचार केला. हाताने परत तपासलं, तर सांधा ‘बसलेला’. पण त्याच वेळी एक्स-रेच्या अत्यंत बारीक मोजणीने पाहिलं, तर हाड होतं तिथेच होतं. आधीही आणि नंतरही. बदल झाला होता तो तपासणाऱ्याच्या हाताला जाणवण्यात.

मग रुग्णाला बरं वाटतं ते का? कारण दुखण्याचा सगळा हिशेब मज्जासंस्था ठेवते. विश्वासाच्या माणसाचा हात लागला, आखडलेला भाग हलला, की ती जरा सैलावते, स्नायू ढिले पडतात, काही तास किंवा काही दिवस दुखणं उतरतं. हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण ती एक सवलत आहे. त्या सवलतीच्या काळात माणूस हलला, चालला, तर तिचा उपयोग. नुसता पडून राहिला, तर पुढच्या रविवारी पुन्हा माझी बेल.

आता मी नानांना जे सांगितलं त्याचा दुसरा भाग : वाकू नका, जपा, पडून राहा. आपल्या घरांत कंबर दुखली की पहिलं काय होतं? गादी काढून फळी टाकतात आणि माणसाला त्यावर आडवं करतात. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरदारांवर एक अभ्यास झाला, १९९५ साली प्रसिद्ध झालेला. नुकतीच कंबर धरलेली माणसं. काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना कंबरेचे व्यायाम दिले आणि काहींना सांगितलं, झेपेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यात लवकर कोण सावरलं? रोजचं काम करणारे. पडून राहणारे सगळ्यात मागे. आणि नीट ऐका, ताज्या दुखण्यात लगेच व्यायाम करणारेही त्यांच्या मागेच राहिले. म्हणजे उसण भरली त्याच दिवशी सतरंजी अंथरून उठाबशा काढायची गरज नाही. झेपेल तेवढं घरात फिरा, स्वतःचा चहा स्वतः करा. पहिला-दुसरा दिवस थोडा वेळ आडवं पडावंसं वाटलं तर पडा, पण मुक्काम करू नका.

फळीचंही सांगते. स्पेनमध्ये ३१३ लोकांवर अभ्यास झाला, २००३ साली. जुनाट कंबरदुखीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम मिळाला. तेव्हा सासूबाईंना फळीवर झोपवणाऱ्यांनी कृपा करून फळी काढावी!

आणि एमआरआय. हल्ली लोक माझ्याकडे येताना आधी फाईल पुढे करतात. ‘‘मॅडम, माझी गादी सरकलीय, चकती झिजलीय, रिपोर्टमध्ये लिहिलंय.’’ कंबर दुखत नसलेल्या ३,११० माणसांची चित्रं एकत्र करून २०१५ साली एक अहवाल आला. काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्यांत झीज होती, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. दुखत काहीच नव्हतं! आपण सगळे या सोसायटीत पंचवीस वर्षं राहतोय. इमारतीच्या गिलाव्याला तडे आहेत, ए विंगच्या जिन्यात रंगाचे पोपडे निघालेत. म्हणून उद्या इमारत पडणार असं आपण म्हणतो का? पंचविशीतल्या इमारतीला पोपडे, तसे साठीतल्या पाठीला झीज. केस पांढरे होण्यासारखंच ते.

मात्र काही तडे इंजिनिअरलाच दाखवावे लागतात. तेही आत्ताच सांगते, कारण हे विसरून चालणार नाही. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा, मांड्यांचा आतला भाग बधिर झाला, किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. माझी बेल वाजवायची नाही. ताप येतोय, वजन कारण नसताना घटतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, रात्री झोपेतही दुखणं थांबत नाही, किंवा वयस्कर माणूस पडल्यावर कंबर धरली, तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. महिनोन्‌महिने मालिश करत राहिल्याने तो बरा होत नाही, औषधांनी होतो. अशी माणसं थोडी असतात, पण त्यांच्या बाबतीत वेळ दवडायचा नाही.

आता नानांकडे परत येते.

२०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने कंबरदुखीवर एक लेखमाला छापली. जगात माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांत कंबरदुखी पहिली आहे आणि तिच्यावर जे उपचार सर्रास केले जातात त्यांतले कितीतरी निरुपयोगी आहेत, असा तिचा रोख होता. मी ती वाचली आणि मग मागचे अभ्यास एकेक करून काढून वाचत गेले. तेव्हा लक्षात आलं, की ब्रिटनचा तो अभ्यास २००४ चा आहे. हेलसिंकीचा १९९५ चा. म्हणजे मी नानांना ते वाक्य बोलले, त्याच्या आधी ही माहिती छापून आलेली होती. मी वाचली नव्हती. संध्याकाळी दवाखान्यात गर्दी असायची, तेवढ्यावर माझं समाधान होतं.

त्याच वर्षी गणपतीत पंगत होती. सगळे जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि नाना एकटे कोपऱ्यात खुर्चीवर, कंबरेला पट्टा. मी सहज म्हटलं, ‘‘नाना, खाली बसा की, कंबर दुखतेय का?’’ ते म्हणाले, ‘‘नाही गं, दहा वर्षांत दुखली नाही. तूच म्हणाली होतीस ना, वाकू नका म्हणून. तेव्हापासून मी नियम मोडलेला नाही.’’

दहा वर्षं. मग वहिनींनी मला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. नाना दारातला पेपर वाकून उचलत नाहीत, वॉचमनला सांगून कडीला पिशवी लावून घेतलीय. बाजारात गेले तर दोन किलोच्या वर पिशवी धरत नाहीत. गावच्या घरी जायचं बंद केलं, कारण तिथे जमिनीवर झोपावं लागतं. आणि नातू. २००८ साली तो दोन वर्षांचा होता. आजोबांपुढे येऊन हात वर करायचा. नाना त्याला म्हणायचे, ‘‘आजोबांची कंबर मोडलीय रे बाळा.’’ हळूहळू त्याने हात वर करणं बंद केलं.

माझ्या एका झटक्याने नानांना बरं वाटलं होतं. माझ्या एका वाक्याने त्यांची दहा वर्षं नेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, ‘‘नाना, मी चुकीचं सांगितलं होतं. तुमचा मणका तेव्हाही सरकला नव्हता आणि आताही सरकणार नाही. तुमची पाठ भक्कम आहे.’’ नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मग आता काय करायचं ते सांग.’’

आम्ही अगदी थोडं थोडं केलं. पहिले दोन आठवडे हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, रोज दहा वेळा. मग दारातला पेपर. तो वाकून उचलताना त्यांचा हात थरथरत होता, दुखत होतं म्हणून नाही, भीतीने. मग दुधाच्या पिशव्या, मग अर्धी बादली पाणी, मग पाऊण. सकाळी पार्किंगच्या भोवती फेऱ्या, आधी दोन, मग सहा. पहिल्या महिन्यात एकदा कंबर दुखली. फोन आला, ‘‘सरकला बहुतेक.’’ मी गेले, हात लावला, शेकायला सांगितलं आणि म्हटलं, ‘‘उद्या फेऱ्या निम्म्या करा, पण करा.’’ तीन दिवसांनी ते पुन्हा सहा फेऱ्यांवर आले. माझ्या हाताचं काम तेवढंच होतं, त्यांना परत रस्त्याला लावण्यापुरतं.

पट्टा सुटला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात समजावून सांगणं, व्यायाम, मणक्यांवरचे हाताचे उपचार, मालिश यांना जागा आहे. कंबरेचे पट्टे आणि वजनं लावून कंबर ताणणं यांना नाही. मी नानांना ती बातमी दाखवली. ते म्हणाले, ‘‘मी तर केव्हाच माळ्यावर टाकला.’’

लोक विचारतात, व्यायाम कुठला चांगला? गच्चीवरच्या योगवर्गाच्या ताई इथे बसल्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत २०१७ मध्ये ३२० लोकांवर योगवर्ग आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली. योग आमच्यापेक्षा कमी ठरला नाही. आणि ज्यांना काहीच जमत नाही त्यांच्यासाठी चालणं. ऑस्ट्रेलियातला ७०१ लोकांचा अभ्यास २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. कंबरदुखीतून नुकती सुटलेली माणसं. एका गटाला फिजिओथेरपिस्टने सहा महिन्यांत सहा वेळा भेटून हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं. दुसऱ्या गटाला काही नाही. काही न केलेल्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परत आलं. चालणाऱ्यांचं २०८ दिवसांनी. म्हणजे जवळजवळ दुप्पट काळ सुखाचा गेला. त्यासाठी ना यंत्र लागलं, ना टेबल.

म्हणून तुम्हाला जमेल तो, आवडेल तो आणि पुढच्या वर्षीही चालू राहील तो व्यायाम चांगला. ब्रिटनच्या त्या अभ्यासात व्यायामवर्गाचा फायदा वर्षाने का ओसरला, याचं उत्तर मला आमच्याच विंगमध्ये मिळतं. वर्ग संपला की सतरंजी पलंगाखाली जाते.

आता सेक्रेटरी साहेबांना कबूल केलेले तीन व्यायाम. ज्यांनी आज प्रत्यक्ष पाहिले नाहीत त्यांच्यासाठी लिहून देते. एक, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. दोन, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, पावलं जमिनीवर, आणि कंबर वर उचलून पाच आकडे मोजायचे. योगवर्गात याला सेतुबंधासन म्हणतात. आठ-दहा वेळा. तीन, हात आणि गुडघ्यांवर रांगण्याच्या स्थितीत येऊन पाठ मांजरासारखी वर कमानदार करायची, मग खाली सोडायची. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं, तर चिंता नाही. सकाळीही वाढलेलंच राहिलं, तर निम्मं करा. बंद करू नका.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. मागच्या बाजूच्या पार्किंगजवळचा दिवा गेले तीन महिने बंद आहे, आणि त्या बाजूला बसायला एकही बाक नाही. ज्येष्ठ मंडळी अर्धी फेरी मारून परत फिरतात, कारण दमलं तर टेकायला जागा नाही. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून काही उरलं, तर कमानीवर खर्च करण्यापेक्षा तिथे दोन बाक आणि एक दिवा द्या. आपल्या सोसायटीतल्या कंबरांसाठी माझ्या हातांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल. सकाळी साडेसहाला मी फेऱ्या मारायला खाली असते. ज्यांना सोबत हवी त्यांनी यावं. फी नाही.

आणि माझ्याकडे उपचाराला येत राहा, येऊ नका असं मी म्हणत नाही. हात लावून बरं वाटतं, तर मी लावीन. पण मी किंवा कुणीही ‘मणका सरकलाय’ असं म्हणालं, तर विचारा, ‘‘कशावरून?’’

२०१९ च्या गणपतीत तळघरातून चौरंग वर आणायचा होता. चार जण लागतात त्याला. नानांनी एक कोपरा धरला आणि त्यांच्या समोरचा कोपरा त्यांच्या नातवाने. तेरा वर्षांचा झाला होता तो, आजोबांच्या खांद्याला लागला होता. चौरंग मांडवात ठेवल्यावर नाना घाम पुसत माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता कौतुक करतील. ते म्हणाले, ‘‘चौरंग उचलला गं. पण पोराला उचलायचा राहिला, तो राहिलाच.’’

मला त्यावर काही बोलता आलं नाही, आजही येत नाही. एवढंच म्हणते, की इथे ज्यांच्या घरी कुणी हात वर करून उभं राहत असेल, त्यांनी ‘कंबर मोडलीय’ म्हणण्याआधी एकदा नानांना भेटावं. ते सी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिन्यानेच जा.